येणार असाल तर १ दाबा

आमच्या ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणायचे, अगदी तिच्या तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग नव्हता. कोणी नवीन माणूस बिचकत ‘मॅडम’ म्हणाला की तीच सांगायची, "अहो, शंकासुर म्हणा, नाहीतर मला वाटेल माझ्या मागे कोणी उभं आहे." काम टेस्टरचं. आम्ही प्रोग्रामर मंडळींनी जे लिहिलं ते कुठे मोडतं हे, म्हणजे बग, शोधायचं. आम्ही म्हणायचो, झालं. ती म्हणायची, "झालं म्हणजे नेमकं काय झालं?" आणि मग सुरू. पेशंटनं वयाच्या जागी फोन नंबर घातला तर? जुळ्या बहिणींच्या नावाचं पहिलं अक्षर एकच असलं तर? ऐकून डोकं उठायचं. पण तिच्या हातून सुटलेलं काम सहसा पडायचं नाही, म्हणून तिच्यावर चिडणारेसुद्धा आपलं काम आधी तिलाच दाखवायला आणायचे.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. आमच्या दोघींच्या मध्ये एक बुटकं कपाट होतं, त्यावर एकच चहाचा थर्मास, तिचा. ती घरून आणायची आणि माझा कप न विचारता भरायची.

कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटची तपासणीची वेळ ठरवायची, आदल्या दिवशी त्याला मेसेज पाठवायचा, तो येणार की नाही ते विचारायचं, एवढंच काम. मेसेजचे शब्द तिचे होते. साहेबांनी आधी काहीतरी सरकारी नोटिशीसारखं लिहिलं होतं. ते वाचून ती म्हणाली होती, "हे वाचून बरा माणूस आजारी पडेल." मग तिनं लिहिलं: ‘नमस्कार. उद्या तुमची तपासणी आहे. आम्ही वाट पाहतोय. येणार असाल तर १ दाबा, जमणार नसेल तर २ दाबा.’

तो मेसेज तिच्या स्वतःच्या घरीही यायचा. तिचा धाकटा भाऊ किडनीचा पेशंट होता. शाळेची बस चालवायचा. उंच, बडबड्या, बसमधल्या पोरांना आरशातून तोंडं वेडावून दाखवणारा. वडील लवकर गेले, आईनं कपडे शिवून दोघांना वाढवलं, आणि भावाच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा आपली एक त्याला काढून दिली. काही वर्षं ती छान चालली. त्या वर्षांत त्याला दर महिन्याला तपासणीला जावं लागे, आणि मेसेज आला की तो घरभर ओरडायचा, "आई, ताईचा हुकूम आला! जातो म्हणून सांगू का?" आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "नाही म्हणून बघ, टाचणीच टोचते."

मग तीही किडनी थकली. हिवाळ्याच्या शेवटी भाऊ गेला, तपासणीला जायचा त्याच हॉस्पिटलात.

ती आठवडाभर रजेवर होती. परत आली तेव्हा थर्मास भरलेला होता, माझा कप तिनं तसाच न विचारता भरला. बोलणं मात्र कमी झालं होतं. आमच्याकडे एक जुनी चेष्टा होती. टेस्टमधल्या खोट्या पेशंटांना आम्ही भाज्यांची नावं दिली होती: भोपळा, मुळा, गाजर, वांगं. पेशंट वारल्याची नोंद झाली की पुढच्या सगळ्या वेळा रद्द होतात का, हे बघायला कोणा एकाला ‘मारावं’ लागायचं. "मुळ्याला मारलं का?" हे आमच्याकडे मोठ्यानं विचारायचा प्रश्न होता. ती परत आल्यावर सगळे सांभाळून बोलायला लागले. एकजण म्हणाला, "मुळा... म्हणजे, मुळ्याची नोंद बंद केली." तिनं मान वळवली. "मेला म्हण रे. बंद व्हायला दिवा आहे का तो?"

घरी आता ती आणि आई दोघीच. भावाचा फोन आईनं आपल्या खोलीत ठेवला होता, मशीनशेजारी, चार्जिंगला लावून. तिला ते दिसायचं. ती काही विचारायची नाही. आईही काही सांगायची नाही. "आम्ही दोघी घरात अशा वावरतो," ती मला एकदा म्हणाली, "की जणू पलीकडच्या खोलीत कोणी झोपलंय."

उन्हाळ्यात तक्रार आली.

त्याच हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी फोन केला. आवाज दबका होता. एक म्हातारे गृहस्थ बायकोचा फोन हातात घेऊन काउंटरशी उभे होते. बायको कधीच गेली होती, आणि तिला तपासणीचं बोलावणं येत होतं. एकदा नाही, परत परत. "ते ओरडत नाहीयेत हो," बाई म्हणाल्या. "ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं विचारताहेत, हिला कोण बोलावतंय?" त्याच आठवड्यात दुसरं प्रकरण झालं. एका बाईला तिच्या लहान मुलीसाठी वेळ मिळाली नाही, कारण यादी भरलेली. आणि प्रत्यक्षात डॉक्टर खुर्चीत मोकळे बसून. ज्याची वेळ होती तो पेशंट या जगातच नव्हता. मुलगी दोन दिवसांनी तापानं फणफणून इमर्जन्सीत भरती झाली. वाचली, पण थोडक्यात.

साहेबांनी शंकासुराला बोलावलं. मला वाटतं, बोलावताना त्यांच्या मनात आलंही असेल की हे काम हिला देऊ नये. पण दुसरं होतं कोण?

आमच्या धंद्यात एकाच सॉफ्टवेअरची दोन घरं असतात. एक टेस्ट, एक लाइव्ह. टेस्ट म्हणजे रंगीत तालीम, तिथे पेशंट खोटे, आजार खोटे, डॉक्टर खोटे. लाइव्ह म्हणजे पडदा वर गेलेला, समोर खरी माणसं. जे लाइव्हवर बिघडतं ते आधी टेस्टवर बिघडवून दाखवावं लागतं, त्याशिवाय दुरुस्ती कशाची करायची तेच कळत नाही. आणि इथे टेस्टवर काही केल्या बिघडेना. मुळ्याला मारलं की त्याच्या नावाची ओळ पडद्यावर हिरवीची राखाडी व्हायची, पुढच्या वेळा गळून पडायच्या, मेसेज थांबायचे. भोपळ्याचं तेच, गाजराचं तेच.

"आमच्याकडे तर चालतंय," आमचा एक प्रोग्रामर म्हणाला. हे आमच्या जातीचं घोषवाक्य.

"मग त्या आजोबांना तुझ्याकडेच राहायला आणू का?" ती म्हणाली.

ती इरेला पेटली. दोन्हीकडे सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीचं आहे ना? होतं. लाइव्हचं घड्याळ मागेपुढे नाही ना? नव्हतं. वारल्याची नोंद हॉस्पिटलातून आमच्यापर्यंत पोचते का? पोचत होती, मिनिटाच्या आत. तिनं लाइव्हवरची माहिती नावं झाकून टेस्टवर उतरवून घेतली, म्हटलं खऱ्या माहितीत काही वाकडं असेल. तिथेही सगळं सुतासारखं सरळ. ज्यांनी हा भाग मुळात लिहिला ते गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. मी त्यांचं लिखाण ओळ न् ओळ वाचलं, मला काही सापडलं नाही. ती दुपारचा डबा न उघडता बसायची. मी म्हटलं, "अगं, दोन घास खा." तर म्हणायची, "लोकांना मेलेल्यांची बोलावणी जाताहेत आणि मी जेवू?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती घरी भाजी निवडत बसली होती. आतून मशीनचा आवाज येत होता. मध्येच फोनवर ‘टिंग’ झालं आणि मशीन थांबलं. तिला वाटलं आपला फोन. पाहिलं तर आपला नव्हता. ती उठली आणि आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेली.

आईची पाठ दाराकडे होती. तिनं बोटावरचं अंगुस्तान काढून ठेवलं, चष्मा वर सरकवला, भावाचा फोन दोन्ही हातांत धरून वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग अंगठ्यानं एक आकडा दाबला, फोन पुन्हा चार्जिंगला लावला, वायर सरळ केली, आणि मशीन चालू केलं.

ती दारातून तशीच मागे आली. खाली अर्धवट निवडलेली भाजी. "मला आधी काय वाटलं माहितीय?" तिनं नंतर मला सांगितलं. "मला वाटलं, सापडलं! देवाशप्पथ, पहिला विचार तोच आला. बग सापडला. आणि मग कळलं, कोणाच्या हातात सापडला ते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्याआल्या तिनं मला विचारलं, "टेस्टवरून मेसेज जातो कुठं?"

"कुठंच नाही. एका डब्यात पडतो. खऱ्या फोनवर जायला नको म्हणून."

"आणि त्याला उत्तर कोण देतं?"

"डब्याला कोण उत्तर देणार?"

"तेच," ती म्हणाली. "मुळ्याला आई नाहीये."

मला काही कळलं नाही. तिनं मला मुळ्याला मारायला लावलं. ओळ राखाडी झाली. मग म्हणाली, "आता त्याच्या नंबरावरून उत्तर आलं असं भासव. १." मी हातानं तसं पाठवलं. पडद्यावर मुळ्याची ओळ हिरवी झाली. पुढच्या महिन्याची तपासणी आपोआप नोंदली गेली. मग तिनं २ पाठवायला सांगितलं, ‘जमणार नाही’. तर आमच्या सॉफ्टवेअरनं मोठ्या अदबीनं दुसरी तारीख काढली आणि कळवली. म्हणजे ते म्हातारे गृहस्थ दर वेळी ‘जमणार नाही’ म्हणत होते, आणि दर वेळी आम्ही त्यांच्या गेलेल्या बायकोला नवी तारीख देत होतो.

माणूस जाण्याआधी निघालेला एखादा मेसेज वाटेत अडकायचा आणि तो गेल्यावर पोचायचा. त्याला घरच्यांनी काहीही उत्तर दिलं की नोंद पुन्हा जिवंत. जी माणसं गप्प राहिली, त्यांचा त्रास आपोआप मिटला. ज्यांच्यानं गप्प बसवलं नाही, त्यांनाच आम्ही छळत राहिलो.

किती जणांनी उत्तरं दिली होती ते तिनं लाइव्हवर पाहिलं. मी शेजारी उभी होते. एकदोन नव्हते. काहींनी आकड्याऐवजी शब्द लिहिले होते. सॉफ्टवेअरला १ आणि २ सोडून काही कळत नव्हतं, बाकी सगळं त्यानं बाजूला टाकलेलं. ‘ती आता नाही.’ ‘कृपया पाठवू नका.’ एकानं नुसतं ‘बाबा’ लिहिलं होतं. तिनं खुर्ची मागे ढकलली आणि जिन्यात जाऊन बसली. मी थर्मास घेऊन गेले. तेव्हा तिनं मला आदल्या सकाळचं, म्हणजे आईचं, सांगितलं. रडली नाही. पायरीवरचा एक सुटा खडा बोटानं इकडून तिकडे सरकवत होती.

"आता दुरुस्त करायचं म्हणजे," ती म्हणाली, "आईला येणारे मेसेज मी बंद पाडायचे."

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. आई एका लहान मुलीच्या कोटाला अस्तर लावत होती. ही समोर स्टुलावर बसली. कसं सुरू करावं कळेना, म्हणून सरळ विचारलं, "आई, तू त्याच्या मेसेजना उत्तर देतेस?"

आईनं सुई कापडात खोचली. "देते."

"येणार म्हणून?"

"मग काय म्हणू? कोणी विचारतंय, येणार का. आईनं ‘नाही’ दाबायचं?"

"अगं, पण..."

"मला कळत नाही असं वाटतं का तुला? या हातांनी निरोप दिलाय त्याला." मग आवाज एकदम लहान करून म्हणाली, "मला वाटलं, तूच चालू ठेवलंयस. माझ्यासाठी. शब्द तुझेच ना ते? ‘आम्ही वाट पाहतोय.’ म्हटलं, पोरगी तोंडानं काही बोलत नाही, ही तिची रीत असेल. म्हणून मी पण बोलले नाही. नुसतं उत्तर द्यायचे."

तिला खोटं बोलता आलं असतं. हो आई, मीच ठेवलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. मला सांगताना ती म्हणाली, "जिभेच्या टोकावर होतं गं. एका शब्दाचं काम होतं. पण मग बंद का केलंस म्हणून विचारलं असतं, तर?" शेवटी ती शंकासुरच.

ती म्हणाली, "नाही आई. मी नव्हते. ती चूक होती. सॉफ्टवेअरची."

"चूक," आई म्हणाली. "चूक होती होय." आणि सुई पुन्हा हातात घेतली, पण टाका घालेना. अस्तर नुसतं तळहातानं सारखं करत राहिली. मग हिनं त्या तापानं फणफणलेल्या मुलीबद्दल सांगितलं, वेळ मिळाली नाही म्हणून काय झालं ते. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"त्याच्या जागेवर बसवलं असतं तिला?"

"त्याच्या म्हणजे, अशाच कोणाच्या तरी."

"मग दुरुस्त कर," आई म्हणाली. "माझ्यापायी कोणाचं लेकरू ताटकळायला नको. कर दुरुस्त."

दुरुस्ती मी केली, पण कशी करायची यावर ती साहेबांशी भांडली. साहेबांचं म्हणणं, बंद नोंदीवरून उत्तर आलं की एक ठरावीक मेसेज जाऊ दे: ‘ही नोंद बंद झाली आहे.’ ती म्हणाली, "कोणाला सांगताय, नोंद बंद झालीय? ज्यानं खांदा दिला त्याला?" साहेब म्हणाले, मग काहीच पाठवू नका. तर हिची शंका: "आणि समजा नोंदच चुकीची असली तर? जिवंत माणसाला कोणी मेलेला लिहून ठेवला, आणि तो बिचारा १ दाबत राहिला, तर?" शेवटी ठरलं ते असं: मशीननं गप्प राहायचं, नवी वेळ द्यायची नाही, पण रिसेप्शनवर खूण पोचवायची. मग माणसानं माणसाला फोन करायचा.

टेस्टवर सगळं जमलं. या वेळी आम्ही मुळ्याच्या वतीनं उत्तरं देऊन पाहिली. पण आता तिचा टेस्टवर विश्वास उरला नव्हता. लाइव्हवर खऱ्या नंबरावरून खरं उत्तर देऊन बघायला हवं, म्हणाली. साहेब म्हणाले, "कोणाच्या घरी सांगणार असं करायला?"

"माझ्या," ती म्हणाली.

एका सकाळी दुरुस्ती लाइव्हवर चढली, चुकून हिरव्या झालेल्या ओळी पुन्हा राखाडी झाल्या. मी ऑफिसात पडद्यासमोर, ती घरी, तिचा फोन माझ्याशी जोडलेला. मागून आईचा आवाज आला, "दाबू का?" ती म्हणाली, "दाब." पडद्यावर उत्तर आलेलं मला दिसलं. ओळ राखाडी होती. मी डोळे न हलवता बघत राहिले. राखाडीच राहिली.

"राखाडीच आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचं तिनं सांगितलेलं. आई फोन हातात धरून बसली होती. "काही आलं नाही," आई म्हणाली. "नाही येणार आता," ही म्हणाली. आणि तेवढ्यात भावाचा फोन वाजायला लागला. आईनं दचकून हिच्याकडे पाहिलं. हिला अंदाज होता, रिसेप्शनवरून असणार. पण नंबर कोणाचा आहे हे हिनं हॉस्पिटलला सांगितलं नव्हतं. नाहीतर चाचणी खरी झाली नसती.

आईनं उचलला. पलीकडच्या बाईंनी नाव वाचून दाखवलं आणि अडखळत विचारलं, हा नंबर त्यांचाच का, कोण बोलतंय.

"मी आई बोलते," आई म्हणाली. "त्याची आई. तो गेला."

भाऊ गेल्यापासून हे दोन शब्द आईच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. मग बाई काहीतरी बोलल्या, आणि आई म्हणाली, "हो. बसवालाच. हो, फार बोलायचा. तुम्हालाही त्रास दिला असेल." मग पुन्हा ऐकत राहिली, मान हलवत. "नाही, तुमची काय चूक त्यात," म्हणाली. ठेवताना "सांभाळून राहा हं," असंही म्हणाली, जणू त्या बाईंच्याच घरचं कोणी गेलं होतं.

ऑफिसात शंकासुराचं कौतुक झालं. हॉस्पिटलनं आभार कळवले. रिसेप्शनवरच्या बाई आता रोज थोडा वेळ बाजूला काढून अशा घरांना फोन करतात, आणि काही घरं, त्या सांगतात, बराच वेळ फोन ठेवत नाहीत. म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावणी थांबली. ती मुलगी बरी झाली. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं, आणि शंकासुराचं घर मात्र आणखी गप्प झालं. आईनं शिलाईचं काम कमी केलं. दुपारी मशीनसमोर नुसती बसते, असं शंकासुर म्हणाली. फोन अजून चार्जिंगला असतो. "मीच घेतलं तिच्याकडून," ती एकदा म्हणाली. "चूक म्हणूनच मिळालं होतं तिला, पण मिळालं तर होतं." मी तिचा कप भरला.

मग एका संध्याकाळी, दोघी जेवून उठताना, आईनं विचारलं, "तुमच्या त्या मशीनमधून त्याचं नाव पुसलंत का गं?"

"नाही आई. नाव कोणाचंच पुसत नाहीत. नुसती ओळ राखाडी होते."

"राखाडी म्हणजे कशी?"

तिनं खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. दिवे लागायच्या आधीचं आभाळ होतं. "तशी," ती म्हणाली.

आई खिडकीशी गेली आणि बघत उभी राहिली. तिच्या मागे जाऊन हिनं तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा त्या दोघी एकत्र रडल्या.